भातावरची मानमोडी: डबल डोसने काही साधत नाही

प्रश्न (मावळ): पानांवर डोळ्याच्या आकाराचे ठिपके दिसताच ट्रायसायक्लॅझोल हे बुरशीनाशक मारले. फरक पडेना म्हणून दुकानदाराने डोस दुप्पट करायला सांगितला, वर टॉनिक दिले. तरी लोंब्यांच्या माना काळ्या पडून मोडल्या. औषध बनावट होते का?

उत्तर: वेळ चुकली. मानमोडी हे करपा या बुरशीच्या रोगाचेच रूप. करप्याच्या बुरशीचा बीजाणू ओल्या पानावर पडला की दोनेक तासांत रुजतो. बाहेर त्याला खायला काही नसते, म्हणून तो स्वतःतला साखर-चरबीचा साठा अंकुरनळीतून पुढे धाडतो, टोकाला घुमटासारखी पेशी बांधतो आणि स्वतः रिकामा होऊन मरतो. त्या साठ्याचे पेशीत ग्लिसरॉल होते, ते पाणी ओढते, आणि आतला दाब हवेच्या दाबाच्या सुमारे 80 पट होतो. त्या जोरावर बारीक खुंटी पानात घुसते. हा दाब धरून ठेवतो तो मेलॅनिनचा काळा थर. ट्रायसायक्लॅझोल फक्त तो थर होऊ देत नाही. एकदा आत शिरली की बुरशी आपली प्रथिने भाताच्या पेशीत सोडून तिचा प्रतिकार दाबते आणि पेशींमधल्या सूक्ष्म वाटांनी शेजारी सरकते. ठिपका दिसतो त्यानंतर चार-पाच दिवसांनी. मग डोस दुप्पट करा की चौपट, तो ठिपका बरा होत नाही.

ट्रायसायक्लॅझोल 75 टक्के 10 लीटर पाण्याला 6 ग्रॅम, एकरी 200 लीटर पाणी. टोपणाने मोजू नका. पहिली फवारणी पोटरी (लोंबी अजून पानाच्या आवरणात असते ती अवस्था) संपता संपता, दुसरी निम्म्या लोंब्या बाहेर पडल्यावर. मान काळी पडल्यावर मारू नका, पैसे पाण्यात जातात. दव सुकल्यावरच फवारा. पानावर ठिपके आधीच असतील तर आयसोप्रोथिओलेन 40 टक्के हे दुसरे बुरशीनाशक, 10 लीटरला 15 मिली. तेही उरलेले पान वाचवायला.

टॉनिक नको. त्यात नत्र असेल तर करप्याला खाद्यच. ठिपके असताना युरियाचा हप्ताही थांबवा. स्ट्रेप्टोसायक्लिन हे प्रतिजैविक जिवाणूंवर चालते, बुरशीवर नाही. दुकानदाराने त्याची पुडी मिसळून दिली तर परत करा.

पुढच्या हंगामात गादीवाफ्यात (रोपवाटिकेत) चौरस मीटरला अर्धा ते एक किलो भाताच्या तुसाची काळी राख मिसळाच. सिलिकाने पानाची साल कडक होते, खुंटीला शिरणे जड जाते. राख भाताच्या गिरणीतून मिळते. नत्र एकदम न देता युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी) चार चुडांत, म्हणजे रोपांच्या चार ठोंबांत, एक खोचा.

मानमोडी झालेल्या शेतातले बियाणे ठेवू नका.