विद्यापीठाच्या बुद्धिबळ संघाकडून खेळणे अभ्यास सांभाळून जमते का?

तुम्ही अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहात, फिडेचे (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे) रेटिंग, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा, १५५० आहे, आजवर फक्त वैयक्तिक स्पर्धा खेळलेल्या आहेत, आणि आता विद्यापीठाच्या मुलींच्या संघात येण्यासाठी काय करावे व ते अभ्यासासह झेपेल का, असे तुम्ही विचारले आहे. मीही अभियांत्रिकीचीच. शेवटची दोन वर्षे पश्चिम महाराष्ट्रातील एका विद्यापीठाकडून खेळले, पहिल्या वर्षी चौथ्या पटावर आणि दुसऱ्या वर्षी तिसऱ्या. अभ्यास सांभाळता येतो. मला जड गेले ते वेगळेच, आणि त्याबद्दल मला आधी कुणी सांगितले नव्हते, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावरच खर्च करणार आहे.

आधी निवडीचे. पहिल्यांदा महाविद्यालयाच्या संघात नाव लागते, मग विभागीय आणि आंतरविभागीय स्पर्धा होतात, तिथे चांगले खेळलेल्यांना निवड चाचणीला बोलावले जाते आणि त्यातून विद्यापीठाचा संघ ठरतो. हा संघ असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजच्या पश्चिम विभागीय स्पर्धेत उतरतो, जिथे महाराष्ट्राबरोबर गोवा, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातील विद्यापीठेही असतात, आणि तिथले पहिले चार संघ अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला पात्र ठरतात. या साखळीतील सर्वांत कच्चा दुवा पहिलाच आहे. मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला असताना विद्यापीठाचे परिपत्रक महाविद्यालयात आले, कुणाच्या तरी टेबलावरच्या फायलीत राहिले, आणि प्रवेशिकेची मुदत टळून गेल्याचे मला दुसऱ्या महाविद्यालयातील मैत्रिणीकडून कळले. क्रिकेट आणि कबड्डीच्या संघांची निवड मैदानावर सर्वांसमोर होते. बुद्धिबळ खेळणारी मुलगी वर्गात बसलेली असते आणि ती खेळते हे जिमखान्यात कुणाला ठाऊकही नसते. त्यामुळे सूचना फलकाच्या भरवशावर राहू नका. सत्र सुरू झाल्याच्या पहिल्या पंधरवड्यात क्रीडा संचालकांना स्वतः भेटा, नाव नोंदवा, आणि दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, प्रवेशाची पावती व ओळखपत्र यांच्या प्रती तेव्हाच देऊन ठेवा. मुलींच्या गटात प्रवेशिका मुलांपेक्षा बऱ्याच कमी असतात. ज्या राज्यातील वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर भगिनींनी राष्ट्रीय महिला विजेतेपद जवळजवळ दहा वर्षे घरातून बाहेर जाऊ दिले नाही, आणि ज्या राज्यातील नागपूरच्या दिव्या देशमुखने २०२५ मध्ये महिला विश्वचषक जिंकला, तिथे अनेक महाविद्यालयांना मुलींचा पूर्ण संघ जमवता येत नाही, ही गोष्ट मला अजूनही खटकते. तुमच्या दृष्टीने मात्र हीच संधी आहे.

रेटिंगबद्दल थोडे सावध करते. फिडेने मार्च २०२४ मध्ये २००० पेक्षा कमी रेटिंग असलेल्या सर्वांचे रेटिंग एकदाच वाढवून दिले: २००० मधून तुमचे रेटिंग वजा करायचे आणि जो फरक येईल त्याच्या ४० टक्के मिळवायचे. म्हणजे त्याआधी १२५० असलेली खेळाडू एका रात्रीत १५५० झाली. तुमचे १५५० त्याआधीचे आहे की नंतरचे, हे तुम्हालाच माहीत. निवड चाचणीत समोर बसणाऱ्या मुलींचे आकडेही याच चष्म्यातून पाहा, आणि ज्यांना रेटिंगच नाही त्यांना हलके समजू नका. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मला सर्वांत वाईट हरवणारी मुलगी बिनरेटिंगची होती. ती रोज रात्री मोबाइलवर खेळत होती, इतकेच.

आता मुख्य मुद्दा. संघाच्या स्पर्धेत चार पटांवर चौघी खेळतात, सोबत राखीव खेळाडू असतात, आणि पटांचा क्रम सुरुवातीला लिहून दिला की तो बदलत नाही. दुसऱ्या पटावरची विश्रांती घेणार असेल तर तिसरीने दुसऱ्या पटावर सरकायचे आणि राखीव खेळाडूने शेवटी बसायचे. एका संघाकडे पहिल्या व तिसऱ्या पटावर पांढरी मोहरी असतात, तर दुसऱ्याकडे दुसऱ्या व चौथ्या. चारपैकी अडीच गुण झाले की सामना जिंकला आणि दोन मॅच गुण मिळाले. २–२ झाले तर दोन्ही संघांना एकेक. हे सगळे नियम मी पाठ केले होते. त्यांचा अर्थ मला चौथ्या फेरीत कळला.

मी सांगलीची. आमच्या गावाला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये स्थापन केलेले नूतन बुद्धिबळ मंडळ तिथलेच, आणि राष्ट्रीय महिला विजेत्या भाग्यश्री साठे (पुढे ठिपसे) त्याच मातीतल्या. त्यामुळे सांगलीच्या मुलीला बुद्धिबळ शिकवायला जाऊ नये असा एक फुकाचा ताठा माझ्यात होता. त्या चौथ्या फेरीत माझ्याकडे काळी मोहरी होती आणि समोरची मुलगी रेटिंगने माझ्यापेक्षा सुमारे २०० गुणांनी वरची होती. एकोणिसाव्या चालीला तिने बरोबरीचा प्रस्ताव ठेवला. पटावर मी किंचित बरी होते: तिचे डी-४ या घरावरचे प्यादे एकाकी पडले होते, माझे दोन्ही उंट शाबूत होते आणि घड्याळात मी वीस मिनिटांनी पुढे होते. तरीही मी हात पुढे केला. वैयक्तिक स्पर्धांनी लावलेला हिशोब माझ्या डोक्यात पक्का होता. २०० गुणांच्या फरकात वरच्या खेळाडूविरुद्ध चार डावांत साधारण एकच गुण अपेक्षित असतो, म्हणजे अर्धा गुण हा अपेक्षेच्या दुप्पट नफा. रेटिंगच्या भाषेत, २० च्या गुणकाने (एका डावाने रेटिंग किती हलते हे ठरवणारा आकडा), सुमारे ५ गुणांची कमाई. गंमत म्हणजे ती स्पर्धा रेटिंगसाठी धरली जाणारच नव्हती. तरीही सवय सुटत नाही.

दोघींनी बरोबरीची खूण म्हणून राजे पटाच्या मधोमध ठेवले, नोंदवहीवर सह्या केल्या, आणि मी उठून वळले तेव्हा पहिल्यांदा उरलेले तीन पट पाहिले. पहिल्या पटावर आमची मुलगी एक मोहरा गमावून बसली होती. दुसऱ्या पटावर घड्याळात चार मिनिटे आणि राजा उघडा. तिसऱ्या पटावर आमची कर्णधार स्वतः खेळत होती; ती आपला डाव सोडून माझ्या पटाकडे, त्या मधोमध ठेवलेल्या दोन राजांकडे पाहत होती. कर्णधाराला बरोबरी घ्यावी की नाही एवढे खेळाडूला सांगता येते, पटावरच्या स्थितीबद्दल एक अक्षरही बोलता येत नाही, आणि हा सल्ला पंचांच्या समोर घ्यायचा असतो. मी तो मागितलाच नव्हता. कर्णधार जिंकली, पहिले दोन्ही पट गेले, आणि सामना आम्ही दीड विरुद्ध अडीच असा हरलो. माझा डाव जिंकला गेला असता तर २–२ झाले असते. स्पर्धा संपली तेव्हा आम्ही पाचव्या होतो आणि चौथ्या संघाशी अंतर होते एका मॅच गुणाचे. तो एक गुण असता तर पुढे टायब्रेकमध्ये (समान गुणांवर क्रम ठरवताना) काय झाले असते हे सांगता येत नाही, पण निदान तिथवर गोष्ट गेली असती.

परतीच्या गाडीत मला कुणी काही बोलले नाही. कर्णधाराने, आम्ही तिला ताईच म्हणत असू, भडंगाची पिशवी फोडली, सगळ्यांच्या हातावर मूठमूठ घातली, माझ्याही, आणि खिडकीबाहेर बघत विचारले, "घोडा डी-पाचला बसवला असतास तर तिच्याकडे काय होतं गं?" मी म्हटले, "काहीच नव्हतं." तिने मान हलवली आणि विषय संपला. त्या प्रश्नाने मला जेवढे शिकवले तेवढे रागावण्याने शिकवले नसते. एकाकी प्याद्यापुढच्या घरात घोडा बसवायचा, हे मी दहाव्या वर्षी शिकले होते.

तेव्हा माझे ऐका: पहिल्याच फेरीपासून दर चार-पाच चालींनी, समोरची विचार करत असताना उठून इतर तीन पटांवर नजर टाकायची सवय लावा. आपला डाव किती चांगला आहे यापेक्षा आपल्याकडून आज नेमके काय हवे आहे हे पाहायचे. दोन पट जिंकत असतील तर तुमची सुरक्षित बरोबरी सोन्याची असते. दोन पट बुडत असतील तर तीच बरोबरी निरुपयोगी. वैयक्तिक स्पर्धांत वाढलेल्या माणसाला हे समजायला वेळ लागतो, कारण तिथे शेजारच्या पटाकडे पाहणे म्हणजे लक्ष विचलित होणे, असेच आपल्याला शिकवलेले असते.

तयारीच्या बाबतीत माझे मत थोडे एकांगी आहे. प्रतिस्पर्ध्यांची जोडणी आदल्या रात्री उशिरा किंवा सकाळीच लागते, दिवसाला कधीकधी दोन फेऱ्या असतात, आणि समोरच्या मुलीचे जुने डाव मिळतीलच असे नाही. त्यामुळे ओपनिंगच्या लांबलचक फांद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका. काळ्यांकडून ई-४ (राजापुढचे प्यादे दोन घरे) या पहिल्या चालीविरुद्ध एक बचाव (मी कॅरो-कान खेळत असे), डी-४ (वजिरापुढचे प्यादे दोन घरे) विरुद्ध एक, आणि पांढऱ्यांकडून एकच पद्धत, एवढे पुरे. राहिलेला वेळ शेवटच्या टप्प्याला द्या, विशेषतः हत्ती आणि प्याद्यांच्या डावांना. अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या नावाने ओळखला जाणारा बचाव मला संघातल्या दुसऱ्या वर्षी अक्षरशः उपयोगी पडला. एक प्यादे कमी असताना आपला राजा त्या प्याद्याच्या वाटेत उभा ठेवायचा, हत्ती आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या ओळीवर ठेवून समोरच्या राजाला पुढे येऊ द्यायचे नाही, आणि वैतागून तिने प्यादे त्याच ओळीवर ढकलले की हत्ती तडक पटाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहायचे. आम्ही २–१ ने पुढे होतो आणि मला फक्त बरोबरी हवी होती. समोरची मुलगी सोडायला तयार नव्हती, आणि तिचे बरोबरच होते. तिच्या संघाला तो डाव जिंकणे भाग होते. ९० मिनिटे आणि दर चालीला ३० सेकंद अशा वेळेत ३ वाजता सुरू झालेली फेरी साडेसातला, सत्त्याण्णव चालींनी संपली. तोवर मेस बंद झाली होती. खोलीत आले तर ताटलीखाली झाकलेली खिचडी होती, गार आणि घट्ट झालेली, आणि ताईची जागा घेतलेली नवी कर्णधार चमचा घेऊन शेजारी बसलेली.

बाकी व्यवस्थेबद्दल फार अपेक्षा ठेवू नका. बॅडमिंटनच्या हॉलमध्ये टेबले मांडलेली असतात, झोपायला वसतिगृहाच्या गाद्या, आणि डिसेंबरात खेळ असेल तर स्वेटर लागतोच. मोबाइल हॉलमध्ये नेऊच नका. तो वाजला तर जिंकत आलेला डावही जातो, आणि इथे तो चौघींचा जातो. पेने दोन ठेवा, कारण ३० सेकंदांची भर असेल तर शेवटच्या चालीपर्यंत नोंद करावी लागते.

अभ्यासाचे आता. स्पर्धेचे पाच-सहा दिवस आणि प्रवास धरून सत्रातील साधारण आठवडाभर जातो, आणि सरावाला रोज एक तास. अंतर्गत चाचणी बुडाली तर ती पुन्हा घेतली जाऊ शकते, परंतु त्यासाठी विभागप्रमुखांच्या नावे जिमखान्याचे पत्र जाण्यापूर्वी दिलेले असावे. परत आल्यावर दिलेल्या पत्रावर "आधी का सांगितले नाही" हे ऐकावे लागते. जर्नलच्या सह्या मागे पडू देऊ नका. सबमिशनच्या आठवड्यात कोणालाही तुमच्या मॅच गुणांशी देणेघेणे नसते. माझा एकदा एक विषय राहिला आणि घरी मी त्याचे खापर बुद्धिबळावर फोडले. खरे सांगायचे तर एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) माझे आधीपासूनच कच्चे होते, आणि हे वडिलांनाही माहीत होते.

तुमच्या महाविद्यालयात मुलींचा संघच नसेल, तर तुम्ही धरून चौघी जमवा. चौथीला नुसत्या चाली येत असल्या तरी चालेल, तिला फिलिडोर तुम्ही शिकवाल.