जर्मनीत हेम्पचा व्यवसाय: तासगावच्या तरुण मित्राच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून गांजा बाळगणे काही मर्यादेत गुन्हा मानणे सोडले. तुम्ही कृषी पदवीधर आहात, घरी तासगावला द्राक्षबाग आहे, आणि इकडे येऊन हेम्पची (गांजाच्याच जातीचे, पण नशा जवळपास नसलेले पीक) शेती व सीबीडी (याच झाडातील नशा न आणणारा घटक) तेलाची विक्री कायदेशीरपणे करता येईल का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे. मी मूळचा मिरजेचा. सध्या जर्मनीच्या लोअर सॅक्सनी राज्यातील एका तेलघाण्यात हेम्पच्या बियांची गुणवत्ता तपासतो, त्यामुळे या विषयाशी माझा रोजचा संबंध आहे.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या, की त्या कायद्याने मोकळीक दिली ती वापरणाऱ्याला, विकणाऱ्याला नव्हे. अठरा वर्षांवरील व्यक्तीला बाहेर २५ ग्रॅम, घरी ५० ग्रॅम जवळ बाळगता येतो आणि स्वतःपुरती तीन झाडे लावता येतात. १ जुलै २०२४ पासून सभासदांसाठी एकत्र गांजा पिकवणाऱ्या लागवड मंडळांना परवाने मिळू लागले, परंतु त्यांत जास्तीत जास्त ५०० सभासद असतात, नफा कमावता येत नाही, जाहिरात करता येत नाही आणि सभासदाचे जर्मनीत किमान सहा महिने वास्तव्य असावे लागते. खुल्या दुकानाची तरतूद त्यात नाहीच. ‘बर्लिनमध्ये दुकान टाकू, भागीदार व्हा’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर त्याला एक रुपयाही देऊ नका.

हेम्पची शेती मात्र अनेक वर्षांपासून कायदेशीर आहे, आणि तिचे नियम वेगळे व कडक आहेत. युरोपीय संघाच्या यादीतील वाणाचे प्रमाणित बियाणेच पेरता येते. गावाकडून आणलेले किंवा मागच्या पिकातून राखून ठेवलेले बियाणे चालत नाही. पिकातील टीएचसीची, म्हणजे नशा आणणाऱ्या घटकाची, मर्यादा ०.३ टक्के आहे. लागवड करणारा हा कायद्याच्या व्याख्येत बसणारा, ठराविक किमान आकाराचा शेती व्यवसाय असावा लागतो, म्हणजे अर्धा एकर भाड्याने घेऊन सुरुवात करता येत नाही. पेरणीची माहिती केंद्रीय कृषी व अन्न कार्यालयाला १ जुलैपर्यंत कळवावी लागते. बियाण्याच्या पोत्याला शिवलेले प्रमाणपत्राचे लेबल सोबत जोडावे लागते, म्हणून इथले शेतकरी पोते फोडताना ते आधी सांभाळून काढून ठेवतात. पीक फुलोऱ्यावर आले की तेही कळवायचे, आणि कार्यालयाने मोकळीक दिल्यावरच कापणी करायची. शेतजमीन विकत घ्यायची झाली तर स्थानिक प्रशासनाची परवानगी लागते, आणि शेतकरी नसलेल्या खरेदीदाराला ती नाकारली जाऊ शकते.

आता तुमच्या मुख्य बेताकडे येतो. युरोपीय न्यायालयाने १९ नोव्हेंबर २०२० च्या निकालात सीबीडी हा अमली पदार्थ नाही असे म्हटले, हे खरे आहे. तरीही खाद्य म्हणून सीबीडी अर्क ‘नवीन खाद्य’ या वर्गात मोडतो आणि पूर्वमंजुरीशिवाय बाजारात आणता येत नाही. २०२२ साली युरोपीय अन्न सुरक्षा संस्थेने यकृत, पचनसंस्था व हार्मोनवरील परिणामांची माहिती अपुरी असल्याचे सांगून अर्जांची तपासणी थांबवली होती. हेम्पची फुले व पाने ग्राहकाला थेट विकणे याहूनही धोक्याचे आहे, कारण नशेसाठी गैरवापर होण्याची शक्यता नसावी ही अट २०२४ च्या कायद्यातही कायम राहिली. तिच्या आधारे दुकानदारांवर खटले झालेले आहेत. माझे स्पष्ट मत असे, की नव्या परदेशी माणसाने आपले भांडवल सीबीडी किंवा फुलांच्या धंद्यात घालू नये.

बिया, बियांचे तेल आणि पीठ यांना ही मंजुरी लागत नाही. मी तुम्हाला हाच मार्ग सुचवीन. त्यातही तेलात किलोमागे ७.५ मिलिग्रॅम आणि बियांत ३ मिलिग्रॅम टीएचसी ही युरोपीय मर्यादा आहे. बीच्या गरात टीएचसी जवळपास नसतेच. फुलाभोवतीची चिकट राळ कवचाला लागते आणि तीच चाचणीत सापडते. म्हणून कापणीनंतर बी किती लवकर वाळवले आणि किती नीट पाखडले, यावर तो माल विकता येईल की नाही हे ठरते. निर्यातीच्या द्राक्षांवर औषधांचे अंश तपासले जातात, तेव्हा तुमच्या घरात जशी धाकधूक असते तशीच इथे असते. भारतातून खाण्याच्या हेम्प बिया आणायच्या म्हटले, तरी आयातदाराला आधी मान्यता घ्यावी लागते.

व्हिसाचा मुद्दा शेवटी लिहितो, पण प्रत्यक्षात तो आधी सोडवावा लागेल. नोकरीच्या किंवा शिक्षणाच्या व्हिसावर परदेशी नागरिक कार्यालयाच्या परवानगीशिवाय स्वतःचा धंदा करता येत नाही. स्वयंरोजगाराच्या परवान्यासाठी त्या भागात व्यवसायाची गरज आहे आणि पैशांची सोय पक्की आहे, हे दाखवावे लागते. वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाच्या तरतुदीचा पुरावाही द्यावा लागतो. म्हणून आधी एखाद्या शेतीत किंवा प्रक्रिया उद्योगात दोन हंगाम नोकरी करा, भाषा शिका, आणि बाग गहाण टाकून इकडे येऊ नका. आपल्या बेताविषयी वडिलांना सर्व कागद दाखवून बोला, कारण कर्जावर सही त्यांचीच असेल.

भारतात येताना इथले फूल, अर्क किंवा ‘नमुना’ म्हणून काहीही सामानात ठेवू नका. १९८५ चा अमली पदार्थ कायदा महाराष्ट्रात पूर्णपणे लागू आहे आणि जर्मन बिल दाखवून सुटका होत नाही. उत्तराखंडने २०१८ मध्ये औद्योगिक हेम्पच्या लागवडीला परवाने देण्यास सुरुवात केली, पण त्या परवान्याच्या आधारे सांगली जिल्ह्यात एक रोपही लावता येत नाही.