डावा प्रसाद, उचकी आणि परसातला फणस

चि. सई,

परवा रात्रपाळीत तुझा निरोप वाचला. मोबाइलवर दोन ओळी ठोकून भागण्यासारखा तो नव्हता, म्हणून आज सुट्टीच्या दिवशी चहा घेऊन लिहायला बसले आहे. दहावीनंतर तू मस्कतला आमच्याकडे यावंस की तिथे गोव्यात साखळीलाच राहावंस, यासाठी आजीने देवळात प्रसाद लावला, म्हणजे पाकळ्या लावून देवाचा कौल घेतला, आणि तो डावा झाला. म्हणजे आता यायचं नाही का, हा तुझा पहिला प्रश्न. दुसरा रागातला: आपण मराठी माणसं सगळ्यातच खूण का बघतो? पाल चुकचुकली, उचकी लागली, कावळा ओरडला, मांजर आडवं गेलं. वर्गातली मैत्रीण त्यावरून हसली म्हणे.

हसू दे. आधी आजीच्या उचकीची गंमत सांगते. तिला उचकी लागली की ती एकेकाचं नाव घेते, कोण आठवण काढतंय ते शोधायला. थोरल्या मामापासून सुरुवात. मग धाकटा मामा, मग म्हापशाची मावशी, मग शेजारपाजार. माझं नाव सगळ्यांत शेवटी, आणि तेही अगदी सावकाश. तोवर उचकी आपसूक थांबायलाच आलेली असते. ‘बघ, माझ्या लेकीने आठवण काढली,’ असं म्हणून ती पाणी पिते. मी कॉलेजच्या वसतिगृहात होते तेव्हापासूनचा हा क्रम आहे. एकदा मी म्हटलं, आई, माझं नाव आधी घेऊन बघ ना. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय पुन्हा काढला नाही.

आता तुझीमाझी गोष्ट. ‘फोन करायला मोबाइल हातात घेतला आणि तुझाच फोन आला,’ असं तू चारदा तरी लिहिलं आहेस. मलाही ते आवडतं, खोटं कशाला बोलू. पण आपण दिवसातून तीनदा तरी बोलतो, म्हणजे वर्षाला हजारावर फोन. तू शिकवणीहून सात वाजता घरी येतेस, तेव्हा इथे साडेपाच झालेले असतात आणि माझी दिवसपाळी नुकतीच सुटलेली असते. दोघी त्याच पंधरा मिनिटांत फोन हातात घेणार, तर कधीमधी एकाच क्षणी घेणारच. तुझ्या वर्गातल्या दोघींचा वाढदिवस एकाच दिवशी निघाला तेव्हा सगळ्यांनी आ वासला होता ना? गणिताच्या बाईंना विचार. खोलीत नुसते २३ जण असले तरी कुठल्यातरी दोघांचा वाढदिवस एकच असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. तुमच्यासारख्या ४० जणांच्या वर्गात ती ८९ टक्क्यांवर जाते.

मैत्रिणीला हेही सांग की खुणा बघणाऱ्या याच माणसांनी योगायोगालाही नाव दिलेलं आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. संस्कृतात तेच ‘काकतालीय’, तिथे फांदीऐवजी ताडाचं फळ पडतं. उद्या परसातल्या माडावर कावळा बसला आणि नारळ पडला तर आजीसुद्धा कावळ्याने पाडला म्हणणार नाही. नारळ कधी उतरायला आलाय ते तिला ठाऊक असतं.

पण मीही या बाबतीत काही शहाणी नव्हते. मस्कतला आले तेव्हा तू दोन वर्षांची होतीस. पहिली दोन वर्षं मला कधीही, कुठेही धस्स व्हायचं. बसमध्ये, जेवताना, मध्यरात्री. मग मी घरी फोन लावायचे. तिकडे रात्रीचे दोन वाजलेले असायचे आणि फोनच्या घंटीनेच आजी-आजोबांच्या पोटात गोळा यायचा. शेवटी आजोबाच म्हणाले, ‘तुला धस्स झालं की आम्हाला धस्स होतं, तू ते वहीत लिही.’ मी खरंच ड्यूटीच्या डायरीत प्रत्येक वेळी एक टिंब द्यायला लागले. वर्षअखेर मोजली तर ३१ टिंबं. त्यातल्या दोनच दिवशी घरी खरोखर काही झालेलं होतं: एकदा तुला ताप, एकदा मांजर हरवलं (ते तिसऱ्या दिवशी शेजारच्या माळ्यावर सापडलं). आणि ज्या रात्री आजोबा न्हाणीघरात पाय घसरून पडले, त्या तारखेला टिंब नाही. त्या रात्री मी गाढ झोपले होते. ते पान मी अजून फाडलेलं नाही.

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपल्याकडे म्हणतात ते या धस्स होण्याबद्दल.

पण ‘आतून वाटणं’ सगळंच टाकाऊ असतं असं समजू नकोस, कारण माझी निम्मी नोकरी त्यावर चालते. नवजात बाळांच्या विभागात कधीकधी मॉनिटरवर सगळे आकडे ठीक असतात, तरी वाटतं, हे बाळ बरं नाही. मागच्या हिवाळ्यात असंच एक होतं. मी नव्या डॉक्टरला उठवलं. तो म्हणाला, काय झालंय? मला धड सांगता येईना. मग दिव्याखाली धरून दोघांनी पाहिलं. कातडीवर फिकट जाळी दिसत होती, दुपारपेक्षा दूध कमी गेलं होतं, आणि उचलल्यावर अंग किंचित सैल लागलं. रक्त पाठवलं, औषध सुरू केलं. जंतुसंसर्ग होता. अमेरिकेत गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाच्या गटातल्या बेथ क्रँडल यांनी अशाच विभागातल्या परिचारिकांचा अभ्यास केला होता. तपासणीचा अहवाल यायच्या आधीच त्यांना संसर्गाचा संशय यायचा, आणि कसा ते विचारलं तर ‘आतून वाटतं’ म्हणायच्या. खोदून खोदून विचारल्यावर खुणांची यादी निघाली आणि त्यातल्या काही तेव्हाच्या पुस्तकांतही नव्हत्या.

आजीचं फणसाचं तेच. ती बोटांच्या मागच्या बाजूने फणसावर टक-टक करते, कान लावते, काटे दाबून बघते आणि म्हणते, ‘परवा.’ कच्चा फणस टणटणीत वाजतो, पिकायला आलेला जड, बद्द. मी आणि तू कितीही वाजवला तरी आपल्याला तो फणसच ऐकू येतो. तिला पन्नास वर्षं तो दर उन्हाळ्यात बरोबर की चूक ते दोन दिवसांत सांगत आला आहे. चुकली तर कच्चा फणस सगळ्या घरासमोर कापला जातो आणि मामा आठवडाभर चिडवतो. हाच क्लाइन आणि दुसरे मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन आतून वाटण्याच्या मुद्द्यावर एकमेकांच्या विरुद्ध बाजूंचे. २००९ साली दोघांनी मिळून लेख लिहिला तेव्हा एवढ्यावर त्यांचं जुळलं: गोष्टीला काही नियम हवा, आणि आपण चुकलो ते वेळेवर कळायला हवं, तरच तिथलं आतून वाटणं भरवशाचं. फणसाला नियम आहे. माझ्या बाळांनाही थोडाफार आहे. मस्कतच्या बसमध्ये बसून साखळीत काय चाललंय ते जाणायला नियम कुठला?

आता प्रसाद. पुढच्या वेळी नीट बघ. भटजी ओल्या पाकळ्या मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतात, गाऱ्हाणं घालतात आणि सगळे गप्प होतात. ओल सुकत जाते, समईची ऊब असते, दारातून वारा येतो, एक पाकळी सुटते. देवाच्या उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नको. त्या दहा मिनिटांत अख्खं घर एकाच प्रश्नाकडे बघत असतं. आपल्या घरात हे इतर कधी होतं सांग.

माझ्या वेळीही आजीने प्रसाद लावला होता. २०१२ साल. डावा झाला. आठ दिवसांनी ती पुन्हा गेली, तेव्हा उजवा. इथे आल्यावर पहिल्या नोकरीत तीन महिने पगार झाला नाही, पासपोर्टही त्यांनीच ठेवून घेतला होता. आजी फोनवर म्हणाली, ‘पहिला डावा उगाच नव्हता.’ नंतर ही चांगली नोकरी मिळाली, तेव्हा म्हणाली, ‘उजवा दिलाच होता ना!’ काहीही झालं असतं तरी एक प्रसाद खरा ठरणारच होता. मी तिला हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि तूही नको दाखवूस.

मात्र त्या आठ दिवसांत तिने काय केलं ते लक्षात ठेव. माझ्याकडून कराराचा कागद दोनदा वाचून घेतला. सगळ्या कागदांच्या प्रती काढून मामाकडे ठेवल्या. मस्कतमधल्या गावच्या एका बाईंचा नंबर मिळवून माझ्या पर्सच्या अस्तरात शिवला. पगार अडकला तेव्हा मी त्याच नंबरावर फोन केला होता.

तर तुझ्या डाव्याचं मला एवढंच वाटतं: आजीने गाऱ्हाण्यात नेमकं काय विचारलं ते आपल्याला माहीत नाही. ‘नातीला पाठवू का?’ असं विचारलं, की ‘नातीशिवाय माझं निभेल का?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा ती मला फोनवर कधीच विचारणार नाही. आजोबा गेल्यापासून घरात रात्री तुम्ही दोघीच असता, आणि गुडघ्यामुळे ती आता विहिरीपर्यंतही जात नाही. अकरावीचं आपण मे महिन्यात मी आल्यावर तिघी बसून ठरवू. इथल्या शाळेची फी, तिथलं उच्च माध्यमिक, तुझा तबल्याचा क्लास, आजीचा गुडघा, सगळं समोर ठेवून. तुझं मन काय म्हणतं तेही मांड. फक्त ते मस्कतला यायला उत्सुक आहे की साखळी सोडायला घाबरतंय, ते आधी तूच बघून ठेव. मला इथून कळत नाही.

आज संध्याकाळी तिच्या गुडघ्याला तेल लावताना विचार, गाऱ्हाण्यात काय शब्द होते. घाई करू नकोस, ती आधी विषय बदलेल.

आणि विहिरीकडच्या कापा फणसाचं काय ते कळव. यंदा तो वाजवून बघायला तिला तिथपर्यंत हात धरून कोणी नेलं का?

तुझी,
आई