कोकण किनाऱ्यासाठी कॅराव्हॅन विकत घ्यावी का?

आपले पत्र काळजीपूर्वक वाचले. यंदा शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होताना आपल्या हाती ४२ लाख रुपये आले, निवृत्तिवेतन सुरू झाले आणि दिंडोरीजवळ दीड एकर द्राक्षबागही आहे. त्या रकमेतून १६ लाखांची, झोपण्याची व स्वयंपाकाची सोय असलेली कॅराव्हॅन बांधून घ्यावी आणि वर्षातले चाळीस दिवस दोघांनी मुरुडपासून वेंगुर्ल्यापर्यंतचा किनारा हिंडावा, असा आपला बेत आहे. आपल्या पत्नीने आजवर समुद्र दोनदाच पाहिला, असेही आपण लिहिले आहे. हा प्रवास व्हायलाच हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यासाठी गाडी विकत घेण्याच्या मी विरोधात आहे.

ज्येष्ठ नागरिक बचत योजनेच्या ८.२ टक्के दराने १६ लाखांवर वर्षाला १,३१,२०० रुपये व्याज मिळते, ते आपण सोडून देणार. विमा, देखभाल आणि गाडी उभी करण्याची जागा यांसाठी आपणच ९० हजारांचा अंदाज दिला आहे. पाच वर्षांनी गाडी आठ लाखांना विकली गेली असे धरले, तर दरवर्षी १,६०,००० रुपयांची घट होते, आणि खाऱ्या हवेत पत्रा गंजतो हे लक्षात घेता हा अंदाज उदारच म्हणावा लागेल. वाहनविम्यातही गाडीने चार वर्षे ओलांडली की तिची विमा किंमत निम्म्यावर येते. सगळे मिळून वर्षाचा भार ३,८१,२०० रुपये होतो; चाळीस दिवसांनी भागल्यास दिवसाला ९,५३० रुपये, आणि त्यात डिझेल नाही. चालकाविना कॅराव्हॅनचे भाडे आपल्याला दिवसाला ७,००० रुपये सांगितले गेले आहे, म्हणजे वर्षातून किमान ५५ दिवस बाहेर राहिलात तरच स्वतःची गाडी परवडते.

हे दिवस आपल्याजवळ आहेत का, हा माझ्या मते मुख्य प्रश्न आहे. जून ते सप्टेंबर हे महिने पावसाचे. ऑक्टोबरात बागेची गोडी बहार छाटणी, त्यामागोमाग विरळणी आणि फवारण्या, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी, एप्रिलमध्ये खरड छाटणी. वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना पाहण्याचे दिवस साधारण फेब्रुवारी ते एप्रिल, आणि नेमके तेव्हाच आपण बागेत व्यापाऱ्याची वाट पाहत असता. बाग वाट्याने देण्याचा विचार नसेल, तर चाळीस दिवसांचे वीसच उरतील आणि दिवसाचा खर्च १९,०६० रुपयांवर जाईल.

रस्त्याचाही विचार करावा. आगरदांडा–दिघी, बागमांडला–वेसवी, दाभोळ–धोपावे आणि तवसाळ–जयगड या फेरीबोटींमुळे खाड्यांचे मोठे वळसे वाचतात आणि गाडी घेऊन दिवेआगर, हरिहरेश्वर, आंजर्ले, गुहागर, गणपतीपुळे असे किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येते. पण नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून जाणाऱ्या, दोन्ही बाजूंनी जांभ्या दगडाचे गडगे असलेल्या गल्ल्यांतून रुंद गाडी वळवणे सोपे नाही. हेदवीची बामणघळ किंवा मार्लेश्वरचा धबधबा पाहायला गाडी दूर लावून पायीच जावे लागते. भाड्याच्या गाडीत पहिल्याच फेरीत या गोष्टी कळतात आणि त्यातून शिकायला १६ लाख लागत नाहीत.

आपल्या चिरंजीवांनी २०२७ च्या सिंहस्थात ही गाडी भाविकांना भाड्याने देऊन पैसे वसूल करावेत, असे सुचवले आहे. खासगी नोंदणीची गाडी भाड्याने देता येत नाही. त्यासाठी व्यावसायिक नोंदणी आणि परवाना लागतो. अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि जबाबदारी आपल्यावर येऊ शकते. हे उत्पन्न हिशेबात धरू नये.

माझा सल्ला असा आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, तेवढी ठेवावी. दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज येईल. ते करपात्र आहे, तरी एका तिमाहीच्या व्याजातून आठ दिवसांचे ५६,००० रुपये भाडे निघते. उरलेल्या १२ लाखांतले सहा लाख बँकेच्या मुदत ठेवीत ठेवून त्यांना हात लावू नये, कारण अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली तर बागेचे वर्ष वाया जाते, आणि आपल्या पश्चात पत्नीला मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन आपल्या निवृत्तिवेतनापेक्षा कमी असेल. बाकीचे सहा लाख दोघांच्या आजारपणासाठी आणि प्रवासासाठी हाताशी असू द्यावेत.

पहिली फेरी बागेच्या कामातून आठ दिवस मोकळे मिळतील तेव्हा मुरुड ते गुहागर एवढीच करावी, दुसरी मे महिन्यात मालवण-वेंगुर्ल्याकडे करून परतताना आंबोलीत थांबावे. दोन वर्षांत एकूण साठ दिवस आपण खरोखर बाहेर राहिलात, तर मला पुन्हा लिहावे; तेव्हा मी लहान गाडीचा हिशेब आनंदाने मांडीन.

गाडी बांधून देणाऱ्याने महिनाअखेर ५० हजार रुपये आगाऊ मागितले आहेत, ते देऊ नयेत. वाहनाच्या रचनेत असा बदल करण्यास प्रादेशिक परिवहन कार्यालयाची मंजुरी कोण मिळवून देणार, नोंदणी पुस्तकात त्याची नोंद होणार का आणि मंजुरी न मिळाल्यास आगाऊ रक्कम किती दिवसांत परत मिळणार, याचे लेखी उत्तर त्यांच्याकडून आजच मागवावे.