पालथं घालून बघा

न्यू जर्सीहून एका ताईंचं पत्र आलंय. ‘दर शनिवारी गुडविलमध्ये, म्हणजे दान आलेल्या जुन्या वस्तूंच्या दुकानात, तासभर घालवते. मैत्रिणीला तिथे खऱ्या चांदीचे चमचे मिळाले, मला आजवर मिळाले ते अठरा मग. नवरा म्हणतो, गॅरेजचं भंगारखातं केलंस. त्यात पुढच्या महिन्यात सासूबाई येतायत, त्यांना दुसऱ्यांची वापरलेली भांडी चालत नाहीत. काय करू?’

अठरा मग! अहो ताई, दोन विटक्या साड्यांवर बोहारणीकडून स्टीलचा डबा पदरात पाडून घेणाऱ्या बायकांच्या लेकी आपण. नव्या देशात आलं की स्वस्त दिसेल ते उचलावंसं वाटतं, मीही त्यातून गेलेय. पण तुम्ही भांड्याची नक्षी बघता, बूड बघत नाही.

माझे बाबा बुधवारी आणि रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात जायचे. कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी पालथी, मग बोटाच्या पेराने टकटक, आणि भाव त्यानंतर. विकणारे वैतागायचे.

चांदीचं पटकन सांगते. चमच्याच्या मागे ‘स्टर्लिंग’ किंवा ९२५ असा छाप हवा. ईपीएनएस असेल तर तो नुसता मुलामा. चुंबक चिकटलं नाही म्हणून चांदी ठरत नाही, पितळेलाही ते चिकटत नाही. चांदी संपली. आता खऱ्या मालाकडे येऊ : बीड, म्हणजे ओतीव लोखंड.

सगळ्यात खालच्या फळीवर, वॉफल मेकरच्या मागे, गंजलेलं काळं काहीतरी पडलेलं असतं. ते उचला आणि पालथं घाला. ‘ग्रिसवोल्ड’ आणि खाली ‘इरी, पीए’ दिसलं तर ताई, तिथे ओरडू नका, गुपचूप ट्रॉलीत ठेवा. पेनसिल्व्हेनियातला तो कारखाना १९५७ मध्ये बंद झाला. ओहायोचं ‘वॅग्नर’ही तसंच नामी. ही जुनी भांडी आतून घासून गुळगुळीत केलेली असायची. आजकालच्या बहुतेक बिडावर वाळूसारखी खरखर असते. गुळगुळीत बुडावरून घावन सुटतं कसं, ते जुन्यावर घालून बघा.

गंजाला घाबरू नका. घाबरायचं ते तड्याला आणि डुगडुगण्याला. तवा दांड्याला धरून टिचकी मारा. खणखणीत वाजला तर बरा, दबका आवाज आला तर तडा शोधा. मग सपाट फळीवर ठेवून दाबा. मी पहिला तवा न दाबता आणला आणि काचेच्या शेगडीवर तो भोवऱ्यासारखा फिरला. धिरड्याचं पीठ सगळं एका कडेला. आणखी एक, जुन्या बिडात मासेमारीच्या गळाची वजनं ओतायला शिसं वितळवायचे. आत राखाडी चकचकीत थेंब दिसले, किंवा नुसती शंका आली, तरी ठेवून द्या.

घरी आणल्यावर गंज घासून काढा, तव्याला तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि ओव्हनमध्ये ४५० फॅरनहाइटला तासभर भाजा. तोही पालथाच, म्हणजे तेल साचून चिकट होत नाही. विकायचा विचार असेल तर ईबेवर मागितलेल्या किमती बघू नका. तिथे कोणी काहीही मागतं. ‘विकलेल्या’ वस्तूंची यादी उघडा.

आणि ते अठरा मग? दोन ठेवा, सोळा परत दान करा. नवऱ्याचा प्रश्न मिटला.

राहिल्या सासूबाई. माझ्याही ‘कोणाचं उष्टं-खरकटं असेल गं’ म्हणत पहिले तीन दिवस त्या तव्याकडे बघायच्या नाहीत. चौथ्या दिवशी मी काही न बोलता त्यावर थालीपीठ लावलं. जाताना त्यांच्या तेवीस किलोच्या बॅगेत, येताना जिथे मेतकुटाच्या पिशव्या होत्या तिथे, माझा दोन किलोचा ग्रिसवोल्ड गेला. मी अजून दुसरा शोधतेय.