उभ्या उड्डाणाच्या पेटंट अर्जाची फाइल तपासायला हातात आली की

आधी वर्णन वाचत बसू नकोस. तिथे पानंच्या पानं मोटर आणि बॅटरीचं कौतुक असतं. जीव असतो क्लेममध्ये, म्हणजे अर्जदार नेमक्या कशावर हक्क सांगतो त्या कलमांत. पहिला स्वतंत्र (दुसऱ्या क्लेमवर न टेकणारा) क्लेम कागदावर उतरव आणि तुकडे पाड: काय मोजलं जातं, त्यावरून काय ठरतं आणि शेवटी काय हलतं? नोझल, ब्लेडचा कोन, की नुसते मोटरचे फेरे?

हेच आधी कुणी केलंय का याचा शोध घेताना फक्त ड्रोनच्या मागे लागू नकोस. ही चूक मीही केलीय. एका अर्जात वेगानुसार थ्रस्टचा (ढकलणाऱ्या जोराचा) कोन बदलण्याची 'नवी' पद्धत होती. दोन दिवस अलीकडची कागदपत्रं उपसली, आणि उत्तर सापडलं साठच्या दशकातल्या पेटंटच्या तिसऱ्या आकृतीत. सरळ वर उडू शकणाऱ्या हॅरियर या लढाऊ विमानाचा पूर्वज पी.११२७ चार फिरत्या नोझलवर १९६० मध्येच तरंगला होता! पेटंट वर्गीकरणातला बी६४सी २९ (उभं उड्डाण) हा वर्ग तर बघच, पण बी६४सी २७ (रोटरवर उडणारी यंत्रं) आणि जी०५डी १ (वाहनांचं नियंत्रण) सोडू नकोस.

मात्र जुनं विमान दाखवून सगळंच उडवूही नकोस. हॅरियर तरंगताना तोल सांभाळायला नाक, शेपूट आणि पंखांच्या टोकांतून हवेचे झोत सोडायचं. चार रोटरचं यंत्र तेच काम रोटरांच्या वेगातल्या फरकाने करतं. पंखांना पुरती लिफ्ट (वर उचलणारा जोर) मिळालेली नसताना थ्रस्ट कोणत्या क्रमाने वळतो, खरी नवी गोष्ट बहुतेकदा तिथे दडलेली असते. 'नियंत्रक योग्य थ्रस्ट ठरवतो' एवढंच लिहिलं असेल, तर सरळ विचार: योग्य म्हणजे किती, आणि कशावरून?