परदेशी नर्सिंगच्या करारावर सही करू का?

प्रश्न: नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गातल्या निम्म्याजणी जर्मन शिकतायत. माझं शैक्षणिक कर्ज अजून फिटायचंय. एजंट म्हणतो, आणखी कर्ज काढून त्याची फी भरा, जर्मनीतली नोकरी पक्की. करारावर शुक्रवारपर्यंत सही करा म्हणतो; करार सोबत पाठवलाय. घरचेही ‘जा’ म्हणतात. काय करू?

उत्तर: जावंसं वाटण्यात काहीच चूक नाही. जास्त पगार, पुढे शिकायची सोय, कामाला मान, ही कारणं खरी आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर आठ नर्समागे एक जन्माच्या किंवा शिक्षणाच्या देशाबाहेर काम करते.

माझा विरोध आहे तो दुसऱ्या कर्जाला. नोकरी मिळवून देण्याचे पैसे कामगाराकडून घेऊ नयेत, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९७ मध्येच मांडलंय. भाषेच्या क्लासवर आणि परीक्षेवर जरूर खर्च करा; ते शिकलेलं तुमच्याजवळ राहतं. एजंटची फी मात्र गेली की गेली.

तुम्ही पाठवलेल्या कराराचं चौथं पान पुन्हा वाचा. तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर ‘झालेला सर्व खर्च’ परत करायचा, असं तिथे बारीक अक्षरात आहे. किती, ते कुठेच नाही. दरवर्षी ही रक्कम कमी होत जाते का, तेही नाही. उद्या वॉर्डात छळ झाला तरी या एका ओळीपायी तुम्हाला तिथेच राहावं लागेल. आकडा लेखी मिळाल्याशिवाय सही करू नका.

आणि तो पगार! एजंटने दाखवलाय तो मान्यताप्राप्त नर्सचा. पदवीला मान्यता मिळेपर्यंत तिथे बऱ्याचजणी सहायक म्हणून कमी पगारावर काम करतात. त्यातून कर, विमा, भाडं जाणार, घराची अनामत सुरुवातीलाच भरावी लागणार. मग दोन कर्जांचे हप्ते कशातून भरायचे?

तुमच्या जागी मी दोन वर्षं इथेच नोकरी करेन, जमल्यास आयसीयूत. कर्ज निम्म्यावर आणेन, जर्मन बी२ पातळीपर्यंत (कामावर सहज बोलता येण्याइतकी) नेईन आणि मग थेट रुग्णालयांकडे अर्ज करेन. घरी दरमहा किती पाठवणार, हेही निघण्याआधीच घरच्यांशी बोलून घ्या. हा विषय फोनवर फार अवघड होतो.

एजंटने शुक्रवारची मुदत दिलीय म्हणता. ती जाऊ द्या.